अर्ज एक, घरं दोन

आईबाबा वेगळे झाले असतील, तर कॉलेजच्या फी-सवलतीचा अर्ज भरायचा कसा? दहावी-बारावीच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी थोडी माहिती.

दोस्तांनो, बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच धांदल उडते. पेढे वाटून होतात न होतात, तोच झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग लागते. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, रेशनकार्ड, आधारकार्ड, उत्पन्नाचा दाखला... एकेका कागदाच्या पाच-पाच प्रती! कॉलेजात नाव घालायचं आणि फी-सवलतीचा अर्जही भरायचा, म्हटल्यावर हे आलंच.

बहुतेकांची गाडी या अर्जात कुठे अडत नाही. वडिलांचं नाव? लिहिलं. वडिलांचं उत्पन्न? लिहिलं. पालकांची सही? घेतली. पण आपल्याच वर्गात अशीही काही मुलं असतात, की त्यांचं पेन नेमकं याच रकान्यापाशी थांबतं. त्यांच्या आईबाबांचा घटस्फोट झालेला असतो. बाबा आहेत, पण त्यांचं घर वेगळं आहे. मग उत्पन्न कुणाचं लिहायचं? सही कुणाची घ्यायची? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, खिडकीपलीकडे बसलेल्या मॅडमना हे सगळं सांगायचं कसं? मागे रांगेत तर आपलेच मित्र उभे!

या संकोचापायी काही मुलं अर्जच भरत नाहीत. काहीजण रकान्यात काहीतरी भलतंच लिहून मोकळे होतात. दोन्ही वेळा नुकसान आपलंच. म्हणून आज हा विषय जरा निवांतपणे समजून घेऊया. वर्गात कुणी उघडपणे विचारत नाही, पण विचारायचं मात्र बऱ्याच जणांना असतं, असा हा विषय आहे.

सवलत म्हणजे किती?

आपल्या राज्यात ई.बी.सी. सवलत हा शब्द तुमच्या आजोबांनाही ठाऊक असेल. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९ च्या सुमारास, कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फी माफ करण्याची ही योजना सुरू झाली. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या कितीतरी घरांमधला पहिला पदवीधर याच सवलतीमुळे घडला.

आज तिचंच मोठं रूप म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते. मुलींसाठी तर आणखी चांगली बातमी आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. उत्पन्नाची अट तीच, ८ लाख रुपये. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची शिष्यवृत्ती वेगळी. तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये आहे. हे सगळे अर्ज 'महाडीबीटी' या सरकारी संकेतस्थळावर भरायचे असतात.

आता एक गणित करू. समजा, घाटकोपरला एक मुलगा आईकडे राहतो. आई महिन्याला १८,००० रुपये मिळवते. वर्षाचे झाले २,१६,०००. बाबा वेगळे राहतात, त्यांना महिन्याला ७०,००० रुपये पगार आहे. वर्षाचे ८,४०,०००. कॉलेजचं शिक्षण शुल्क समजा ८०,००० रुपये. आईचं उत्पन्न धरलं, तर ४०,००० रुपयांची सवलत मिळते. बाबांचं उत्पन्न मिळवलं, तर आकडा ८ लाखांच्या पलीकडे जातो आणि सवलत शून्य! आणि बाबांकडून शिक्षणाला पैसे येतच नसतील तर? मग त्या ८,४०,००० चा मुलाला काय उपयोग? चार वर्षांच्या अभ्यासक्रमात हा फरक १,६०,००० रुपयांचा होतो. महिन्याला १८,००० मिळवणाऱ्या आईची ही जवळजवळ नऊ महिन्यांची कमाई झाली. एका रकान्यात काय लिहिलं जातं, याला केवढं मोल आहे बघा!

नाव शाहू महाराजांचं

या योजनेला नाव आहे शाहू महाराजांचं. त्यांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे तुम्ही इतिहासात वाचलं असेल. पण पुस्तकात सहसा नसलेली एक गोष्ट सांगू? याच महाराजांनी १९१९ साली आपल्या संस्थानात काडीमोडीचा, म्हणजेच घटस्फोटाचा कायदा केला. सगळ्या देशातल्या हिंदूंना घटस्फोटाचा हक्क देणारा हिंदू विवाह कायदा आला तो १९५५ साली, म्हणजे त्यानंतर ३६ वर्षांनी! मुलं शिकली पाहिजेत हे ज्यांना कळलं होतं, त्यांना संसार मोडू शकतो हेही कळलं होतं. तेव्हा त्यांच्या नावाच्या योजनेचा अर्ज भरताना घटस्फोट हा शब्द लिहायला मान खाली घालायचं कारण नाही.

अर्ज नेमकं काय विचारतो?

घटस्फोट म्हटला की घरातले, नात्यातले, शेजारचे हजार प्रश्न विचारतात. चूक कुणाची? कोण आधी घर सोडून गेलं? आता बोलणं होतं का? अर्जाला यातलं काहीएक नको असतं. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात. तुम्ही कुणाकडे राहता? त्या घराचं उत्पन्न किती? आणि या दोन्ही गोष्टींचा पुरावा काय?

एवढं ध्यानात ठेवलं तरी अर्धं ओझं उतरतं. खिडकीपाशी घराची कहाणी सांगायची नाही. तीन प्रश्नांची तीन उत्तरं द्यायची आणि तीन कागद पुढे करायचे.

पहिला कागद : न्यायालयाचा हुकूमनामा

घटस्फोट झाला की न्यायालय तसा लेखी आदेश देतं. त्याला हुकूमनामा किंवा डिक्री म्हणतात. आपल्या मुंबईतलं कौटुंबिक न्यायालय १९८९ साली सुरू झालं आणि ते वांद्रे पूर्वेला आहे. लग्न गावी झालं असेल किंवा दावा दुसरीकडे चालला असेल, तर आदेश तिथल्या न्यायालयाचा असेल.

या आदेशात, किंवा दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला असेल तर त्यासोबतच्या संमतीच्या अटींमध्ये, मुलांचा ताबा कुणाकडे आणि खर्च कुणी करायचा हे लिहिलेलं असतं. आपल्या कामाची ओळ ती! बाकीचा मजकूर आईबाबांचा. तो वाचत बसायची तुम्हाला गरज नाही.

कपाटातली जुनी झेरॉक्स पुष्कळदा पुरत नाही. न्यायालयातून शिक्का मारलेली प्रमाणित नक्कल काढून ठेवावी लागते. दावा जुना असेल, तर कागद शोधून नक्कल मिळायला दिवस लागतात. म्हणून हे काम निकालानंतर काढायचं नाही, बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीतच उरकायचं. नक्कल काढायला आईने किंवा बाबांनी जायचं. ते मुलांचं काम नव्हे.

दुसरा कागद : उत्पन्नाचा दाखला

हा दाखला तहसीलदारांचा लागतो. मुंबई उपनगर जिल्ह्यात तीन तालुके आहेत : अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. मुलुंड, घाटकोपरची मंडळी कुर्ला तालुक्यात येतात. अर्ज 'आपले सरकार' संकेतस्थळावर किंवा सेतू केंद्रात करता येतो. पगाराची चिठ्ठी, फॉर्म १६ किंवा आयकर विवरणपत्र, पत्त्याचा आणि ओळखीचा पुरावा, फोटो, एवढं साधारण लागतं. दाखला एक वर्षाचा किंवा तीन वर्षांचा मिळतो. राज्याचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून लागू आहे. त्यामुळे दाखला ठरलेल्या मुदतीत मिळणं हा आपला हक्क आहे. अर्जाची पावती मात्र जपून ठेवा.

दाखला असतो कुटुंबाच्या उत्पन्नाचा. मग आपलं कुटुंब कोणतं, हे दाखवावं लागतं. ताबा आईकडे आहे आणि तुम्ही आईकडे राहता, म्हणून आई स्वतःच्या नावाने अर्ज करते आणि सोबत हुकूमनाम्याची नक्कल जोडते. तुम्ही बाबांकडे राहत असाल, तर हेच सगळं बाबांच्या नावाने.

पोटगीचं काय? न्यायालयाच्या आदेशाने महिन्याला ठरावीक रक्कम येत असेल, तर ती लपवू नका. आदेशात आकडा लिहिलेलाच असतो आणि तपासणाऱ्याच्या हातात तो आदेश आपणच देणार असतो. आदेशात रक्कम आहे पण हातात पैसे येत नाहीत, असं असेल तर तेही अर्जात स्पष्ट लिहावं.

आणखी एक. या दाखल्यांसाठी लागणारं प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं, त्याला ५०० रुपयांचा स्टँपपेपर लागत नाही, असं महसूल विभागाने २०२५ साली जाहीर केलं. बाहेर टेबल टाकून बसलेल्या कुणी स्टँपपेपर घ्यायला लावला, तर आधी आत जाऊन विचारा.

तिसरा कागद : नावांची जुळणी

खरी मेख इथे असते. रेशनकार्डावर आईचं आणि तुमचं नाव अजून बाबांच्या घरीच असतं! पत्ता जुना, कुटुंबप्रमुख बाबा. अशा कार्डाची प्रत अर्जाला जोडली, की तपासणारे लगेच विचारणार : मग वडिलांचं उत्पन्न कुठाय? शिधावाटप कार्यालयात जाऊन जुन्या कार्डातून नावं कमी करून घ्यावी लागतात आणि नवं कार्ड काढावं लागतं. यालाही वेळ लागतो.

घटस्फोटानंतर काहीजणी माहेरचं आडनाव पुन्हा लावतात. मग आईच्या पॅनकार्डावर एक नाव, बँकेच्या पासबुकावर दुसरं! अशा वेळी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलल्याची नोंद करून ठेवली, की पुढची कटकट वाचते. तुमचं स्वतःचं नाव मात्र दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे अगदी तसंच सगळीकडे ठेवा. आणि शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. ते खातं तुमच्या स्वतःच्या नावाचं हवं.

जातीचा दाखला लागणार असेल, तर त्याची तयारी सगळ्यात आधी करा. त्याला वडिलांच्या बाजूचे जुने पुरावे मागतात : वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेचा दाखला वगैरे. बाबांशी बोलणं नसेल, तर आजी, काका, आत्या यांच्यामार्फत प्रती मिळवता येतात. आईवडिलांच्या जाती वेगळ्या असतील आणि मूल आईच्याच घरी, तिच्याच समाजात वाढलं असेल, तर त्याला वडिलांचीच जात लागते असं धरून चालता येणार नाही, पुरावे पाहून ठरवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटलं आहे.

'वडील हयात आहेत का?'

महाडीबीटीच्या अर्जात पालकांची माहिती भरताना हा प्रश्न येतो. साधासा प्रश्न, पण वाचून पोटात गोळा येतो. काहीजण वैतागून 'नाही' लिहितात. तसं लिहू नका. उत्तर 'हो' हेच आहे. 'नाही' लिहिलंत तर मृत्यूचा दाखला मागतील, तो कुठून आणणार? शिवाय अर्जात खोटी माहिती दिल्याचा ठपका येतो तो वेगळाच. अनाथ मुलांसाठी सरकारच्या वेगळ्या तरतुदी आहेत. आपण त्या रांगेत उभं राहायचं नाही. आपले आईबाबा दोघं आहेत, फक्त घरं दोन आहेत.

अर्ज भरला की तो आधी कॉलेजात तपासला जातो आणि मग सरकारी विभागाकडे जातो. त्रुटी दिसली तर परत येतो. म्हणून अर्जाच्या कागदांबरोबर एक छोटं पत्र कॉलेजात द्या. तोंडी सांगताना जीभ अडखळते, कागद अडखळत नाही. नमुना असा :

*प्रति,*
*मा. प्राचार्य,*
*............ महाविद्यालय.*

*विषय : शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत आईच्या उत्पन्नाचा दाखला जोडल्याबाबत.*

*महोदय,*

*मी आपल्या महाविद्यालयात प्रथम वर्ष ............ वर्गात शिकत आहे. माझ्या आईवडिलांचा घटस्फोट कौटुंबिक न्यायालय, ............ यांच्या दि. ............ च्या आदेशाने झाला आहे. या आदेशानुसार माझा ताबा आईकडे असून मी आईसोबत राहत आहे. त्यामुळे अर्जासोबत आईच्या नावाचा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडला आहे. आदेशाची प्रमाणित नक्कल तपासणीसाठी दाखवत असून तिची छायाप्रत सोबत देत आहे. ही माहिती खासगी ठेवावी, ही विनंती.*

*आपला / आपली विद्यार्थी,*
*............*

या पत्राच्या दोन प्रती करा. एकीवर कॉलेजचा शिक्का आणि तारीख घ्या आणि ती फाइलला लावून ठेवा.

आईची एकटीची सही चालते का?

चालते. पण ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. तिच्यामागे एका आईची चिकाटी आहे.

१९८४ साली लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या लहान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे ठरवलं. पालक म्हणून सही केली आईने. वडिलांची त्याला पूर्ण संमती होती. तरी बँकेने सांगितलं, वडिलांची सही आणा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५६ च्या कायद्यात लिहिलं होतं, की मुलाचा नैसर्गिक पालक म्हणजे वडील, 'आणि त्यांच्यानंतर' आई. आता 'नंतर' म्हणजे काय? वडील वारल्यानंतरच? व्याकरणाच्या तासाला शोभावा असा प्रश्न! १७ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की 'नंतर' म्हणजे वडील नसताना. मग ते दूर असोत, लक्ष घालत नसोत, किंवा दोघांनी तसं ठरवलेलं असो. तेव्हा आई पालक आहे आणि तिची सही पुरेशी आहे. एका शब्दाचा नीट अर्थ लावला आणि देशातल्या किती आयांचं काम सोपं झालं!

त्यानंतर दारं एकेक करून उघडत गेली. २०१६ साली पासपोर्टसाठी आई किंवा वडील, कुणा एकाचं नाव पुरेसं ठरलं. डिसेंबर २०१८ पासून, आई एकटी पालक असेल तर पॅनकार्डाच्या अर्जात वडिलांचं नाव देण्याची सक्ती उरली नाही. आणि आपल्या राज्यात तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला आहे.

आम्हा प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना आणखी एक उदाहरण जवळचं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव प्रवेशांसाठी आपल्या राज्यात कागदपत्रांची जी यादी निघते, तिच्यात घटस्फोटित आई, घटस्फोटाचा दावा चालू असलेली आई, विधवा आई आणि एकल पालक यांना काय काय लागेल, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. पहिलीत जाणाऱ्या मुलासाठी जे समजून घेतलं जातं, ते कॉलेजात जाणाऱ्यासाठीही समजावून सांगता येतं. कुणी ऐकूनच घेत नसेल, तर 'मला हे लेखी द्या' असं नम्रपणे म्हणायला शिका.

दावा अजून चालू असेल तर?

आईबाबा वेगळे राहतात, पण न्यायालयाचा निकाल लागलेला नाही, अशी घरंही असतात. तिथे हुकूमनामा नसतो. मग दाव्याचा क्रमांक, दाखल केल्याची तारीख, ताब्याचा किंवा पोटगीचा अंतरिम आदेश, वेगळ्या पत्त्याचा पुरावा, जे असेल ते जोडून तहसील कार्यालयात आणि कॉलेजात लेखी विचारावं. वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून आई थांबली असेल, तर तिला एक गोष्ट जरूर सांगा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना आणि मुलांना मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करायचा.

बाबांची जबाबदारी संपते का?

मुळीच नाही. घटस्फोट होतो तो नवरा-बायकोचा. बाबा आणि मुलाचा किंवा आई आणि मुलीचा घटस्फोट कुठल्याच न्यायालयात होत नाही. मुलांच्या पालनपोषणाची आणि शिक्षणाची तरतूद करण्याचे आदेश न्यायालय देऊ शकतं. ताबा आईकडे गेला, म्हणून बाबांचा खर्चाचा वाटा संपत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. २६ वर्षं वेगळं राहिलेलं जोडपं. मुलगी आयर्लंडला शिकत होती. वडिलांनी तिच्या शिक्षणासाठी ४३ लाख रुपये दिले होते. स्वाभिमानी मुलगी म्हणाली, मला नकोत, परत घ्या. वडील घेईनात! न्यायालयाने सांगितलं, की शिक्षणाचा खर्च आईवडिलांकडून मिळवणं हा मुलीचा कायदेशीर हक्क आहे, ते पैसे तिचेच. मोठ्या रकमेचं सोडा. आपल्यासारख्यांच्या घरी प्रश्न आठ-दहा हजारांचाही असतो. पण हक्क तोच.

सातासमुद्रापलीकडे

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असं समजू नका हं! ज्यांचे काका-मामा अमेरिकेत आहेत, त्यांनी विचारून पाहा. तिथे कॉलेजच्या सरकारी मदतीसाठी सगळ्या देशाचा मिळून एक अर्ज असतो, त्याला 'फाफ्सा' म्हणतात. पूर्वी त्यात नियम असा होता, की आईवडील विभक्त असतील तर मूल वर्षातले जास्त दिवस ज्याच्याकडे राहिलं, त्याने आपलं उत्पन्न लिहायचं. २०२४-२५ पासून नियम बदलला. आता मुलाचा जास्त खर्च ज्याने केला, त्याने लिहायचं. तिथली काही खासगी कॉलेजं तर दोघांच्याही उत्पन्नाची माहिती मागतात. म्हणजे बघा, एवढ्या मोठ्या देशालासुद्धा 'घर कुणाचं धरायचं' हे पुन्हा पुन्हा ठरवावं लागतं.

आणखी कुठे मदत मिळेल?

फी-सवलत हा एकच मार्ग नाही. बारावीला आपल्या मंडळात वरच्या २० टक्के विद्यार्थ्यांत आलात आणि कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. तीन वर्षांच्या पदवीसाठी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्याचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतो.

धाकटी भावंडं असतील, तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना माहीत असू द्या. महिला व बाल विकास विभागाची ही योजना १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. घटस्फोट, विभक्तपणा, एका पालकाचा मृत्यू अशा कारणांनी अडचणीत आलेल्या मुलांना तिचा लाभ मिळू शकतो. २०२३ मध्ये तिची रक्कम महिन्याला २,२५० रुपये झाली.

बँकेकडून शैक्षणिक कर्ज घ्यायचं झालं, तर सहकर्जदार म्हणून आई एकटी सही करू शकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीन न मागता कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलतही आहे. पण कर्ज ते कर्ज. आधी शिष्यवृत्ती, मग कर्ज, हा क्रम सोडू नका.

वेळापत्रक, वहीत उतरवून घ्या

१. अकरावी संपताना : जातीचा दाखला लागणार असेल तर त्याचे पुरावे गोळा करणं.
२. बारावीची दिवाळी : हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल.
३. जानेवारीपर्यंत : रेशनकार्ड, आधारचा पत्ता, स्वतःचं बँक खातं.
४. एप्रिल-मे : आर्थिक वर्ष संपलं, की नव्या वर्षाचा उत्पन्नाचा दाखला.
५. प्रवेश झाला, की त्याच आठवड्यात : महाडीबीटीचा अर्ज आणि कॉलेजात पत्र.
६. पुढे दर महिन्याला : अर्ज कुठवर पोचला ते पाहणं आणि परत आला असेल तर लगेच दुरुस्त करणं.

आईबाबांसाठी दोन शब्द

संमतीने वेगळे होत असाल, तर अटींमध्ये दोन ओळी आठवणीने घाला : मुलाचा ताबा कुणाकडे, आणि कॉलेजचा खर्च कोण किती करणार. 'शिक्षणाचा खर्च' एवढंच मोघम लिहू नका. पदवी होईपर्यंत, असं स्पष्ट लिहा. आज मूल बालवाडीत असलं, तरी तेरा-चौदा वर्षांनी ही ओळ कामाला येते.

जे मुलांसोबत राहत नाहीत, त्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं. तुमच्या शाळेच्या दाखल्याची एक प्रत, एक सही, यासाठी मुलाला ताटकळत ठेवू नका. तुमचं भांडण त्याच्याशी नाही. आणि जे सोबत राहतात, त्यांना विनंती. 'जा, तुझ्या बापाकडे माग' असं म्हणून मुलाला निरोप्या करू नका. मोठ्यांचे कागद मोठ्यांनी मिळवावेत, मुलाने अभ्यास करावा.

आणि बाकीच्या दोस्तांनो,

तुमचे आईबाबा एकत्र राहतात? छान. मग तुमचं काम सोपं आहे. रांगेत पुढे उभ्या असलेल्या मित्राला 'तुझे बाबा का नाही आले?' असं मोठ्याने विचारायचं नाही. त्याचा कागद डोकावून वाचायचा नाही. त्याची फाइल पडली तर उचलून द्यायची, आणि 'झेरॉक्स काढायला येऊ का बरोबर?' असं विचारायचं.

तर मंडळी, अर्ज म्हणजे काही परीक्षा नव्हे, की एक उत्तर चुकलं आणि मार्क गेले. त्रुटी निघाली तर अर्ज परत येतो, आपण दुरुस्त करतो, पुन्हा पाठवतो. पण जो भरलाच नाही, तो अर्ज कुणीच दुरुस्त करू शकत नाही. येत्या रविवारी आईबरोबर किंवा बाबांबरोबर बसा, कपाटातली ती फाइल खाली काढा आणि कोणते कागद आहेत, कोणते नाहीत, याची यादी करा. मग लागा तयारीला!